चाळीस वर्षं, एकच विषय

आमदारकी-खासदारकीतून बाजूला होणाऱ्या माणसाच्या सत्काराला भाषणांत काय काय येतं, हे कोकणात राहणाऱ्या कुणालाही पाठ असेल. साकव, वाडीपर्यंतचा डांबरी रस्ता, देवळाचा सभामंडप, नळपाणी योजना, रुग्णवाहिकेचं लोकार्पण. शाल-श्रीफळ होतं आणि "साहेबांचं दार मध्यरात्रीही उघडं असायचं" असं कुणीतरी गहिवरून सांगतं. यातलं काहीच खोटं नसतं, कमी मोलाचंही नसतं. पण त्या माणसाने सभागृहात बसून कोणता कायदा घडवला, विधेयकातलं कुठलं कलम त्याच्या आग्रहामुळे बदललं, कोणत्या खात्याला त्याने वर्षानुवर्षं प्रश्न विचारून भंडावून सोडलं, हे मी अशा समारंभात फारसं ऐकलेलं नाही. ज्या कामासाठी त्याला मुंबईला किंवा दिल्लीला पाठवलं, ते काम निरोपाच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

आरोग्याच्या बाबतीत ही सवय आपल्याला फार महाग पडते. रस्ता एका टर्ममध्ये होऊ शकतो. आरोग्याची व्यवस्था एका टर्ममध्ये उभी राहत नाही. तिला कायदा लागतो, दरवर्षीची तरतूद लागते, आणि ती तरतूद नेमकी कुठे गळते हे शोधणारा, खातं कोळून प्यायलेला माणूस लागतो. असा माणूस घडायला वीस-तीस वर्षं जातात. मतदार त्याला ती वर्षं देणार असतील आणि नेमक्या त्याच कामासाठी त्याचं नाव घेणार असतील, तरच तो घडतो. हे मी हवेतलं बोलत नाही. असा एक माणूस होऊन गेला, दूरच्या देशात, आणि त्याच्या कामाचे धागे आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचलेले आहेत.

हेन्री वॅक्समन. १९७४ साली लॉस एंजेलिसमधून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून गेले, सलग २० वेळा जिंकले, आणि २०१४ च्या जानेवारीत त्यांनी स्वतःहून जाहीर केलं की आता पुन्हा उभा राहणार नाही. ४० वर्षं. शिक्षणाने वकील, डॉक्टर नव्हेत. वडिलांचं किराणा दुकान होतं. वॉशिंग्टनला जाण्यापूर्वी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात होते तेव्हाही त्यांनी आरोग्याचीच समिती धरली होती, आणि पुढे संसदेत १९७९ साली आरोग्य आणि पर्यावरणाच्या उपसमितीचं अध्यक्षपद मिळवलं. परराष्ट्र, संरक्षण, अर्थ असे झगमगीत विषय सोडून हा माणूस रुग्णालयं, औषधं, लशी, तंबाखू आणि हवा यांतच मुरला.

त्यांच्या कामाची एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती आपल्या ओळखीच्या प्रसंगापासून सुरू होते: मतदारसंघातली एक बाई मदत मागायला येते. तिच्या मुलाला टुरेट सिंड्रोम होता. या आजारात अंगाला अनावर झटके येतात, तोंडातून आवाज निघतात. उपयोगी पडेल असं एक औषध शेजारच्या कॅनडात मिळत होतं, अमेरिकेत त्याला परवानगी नव्हती. आणवलेलं औषध कस्टम्सने अडवलं. आता काय करायचं, म्हणून ती प्रतिनिधीच्या कार्यालयात आली.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं? साहेब फोन लावतात. "आपला माणूस आहे, जरा बघा." पुडकं सुटतं, आई पाया पडते, आणि वाडीत कायमचं नाव होतं. वॅक्समन यांच्या कार्यालयाने पुढचा प्रश्न विचारला. हे औषध इथे का मिळत नाही? उत्तर सरळ होतं: रोगी थोडे, धंदा नाही, म्हणून कुठलीही कंपनी परवानगीच्या खर्चात पडायला तयार नाही. मग अशा आणखी किती आजारांची हीच गत आहे? १९८० साली त्यांनी समितीपुढे जाहीर सुनावणी ठेवली, रोग्यांना बोलावलं, कंपन्यांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना समोर बसवलं. १९८३ च्या जानेवारीत दुर्मीळ आजारांच्या औषधांचा कायदा झाला, ‘ऑर्फन ड्रग ॲक्ट’. अशा आजारावर औषध काढणाऱ्या कंपनीला करात सवलत आणि ७ वर्षं एकटीने विकायचा हक्क. पुढच्याच वर्षी व्याख्या पक्की झाली: देशभरात २ लाखांपेक्षा कमी रोगी असतील तो आजार दुर्मीळ. त्याआधीच्या दहा वर्षांत अशी औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली होती. नंतर शेकड्यांनी आली.

एका आईची अडचण अशी शेकडो आजारांच्या रोग्यांचा हक्क झाली. लोकप्रतिनिधीच्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला करता येणार नाही.

आता आपल्याकडचं बघू. वाडीतल्या एका काकांना मेंदूत गाठ निघाली. सिव्हिलमधून घाटाखाली-घाटावर करत शेवटी मुंबई गाठली. परळच्या चाळीत राहणारा पुतण्या होता म्हणून निदान टेकायला जागा मिळाली. एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात खर्चाचा आकडा ऐकून मुलगा गावाला फोन करायला लागला: कोणाची ओळख आहे का, आमदारांचं पत्र मिळेल का? पत्रासाठी माणूस रात्रीच्या गाडीने निघाला. लेटरहेडवर दोन ओळी, "सदर रुग्ण माझ्या मतदारसंघातील असून अत्यंत गरीब आहे", खाली सही-शिक्का. ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने छातीशी धरलं होतं, तिकीट आणि पैसे हरवले तरी चालतील पण हे नको, अशा तऱ्हेने. खाट मिळाली. ते घर आजही आमदारांचं नाव काढताना हात जोडतं.

पण ती खाट कायद्याने त्यांचीच होती. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि त्याखाली उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. हे कुणाच्या मेहेरबानीवर चालायचं नाही. शिधापत्रिका किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दाखवला की पुरे व्हायला हवं. जो हक्क आहे तो पत्राशिवाय मिळत नाही, म्हणून पत्राला किंमत येते, आणि पत्राला किंमत आहे तोवर ती पद्धत मोडण्याची घाई कुणालाच नसते. पत्र देणाऱ्याचं नाव होतं. रुग्णालयाला थोड्याच लोकांना सवलत द्यावी लागते. ज्याची कुठे ओळख नाही, तो जागच्या जागी राहतो. आपल्या कातळावरच्या एखाद्या धनगरवाड्यातल्या बाईला आमदारांचा बंगला कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नसतं.

पत्र देणाऱ्या आमदाराला मी दोष देत नाही. रात्री कुणी दारात रडत उभं असेल तर कायद्याची चर्चा करत बसणारा माणूस मलाही नको आहे. त्या रात्री पत्र द्यावंच. प्रश्न दुसऱ्या दिवशीचा आहे. दर महिन्याला अशी किती पत्रं दिली, कोणत्या रुग्णालयासाठी दिली, ती का लागली, याची वही घेऊन आमदार सभागृहात उभे राहतात का? एका वर्षातली पत्रं समोर ठेवून "हे सगळे रोगी कायद्याने पात्र होते, मग माझ्या सहीची गरज का पडली?" असा तारांकित प्रश्न कुणी विचारला, तर धर्मादाय आयुक्तांपासून आरोग्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांना उत्तर द्यावं लागेल. ही पत्रं म्हणजे पुरावा आहे, आणि तो प्रत्येक आमदाराच्या स्वीय सहायकाच्या कपाटात पडून आहे.

वॅक्समन यांचा मतदारसंघही लक्षात घेण्यासारखा आहे. हॉलिवूड, बेव्हरली हिल्स, म्हणजे अमेरिकेतली श्रीमंत वस्ती त्यात होती. आणि त्यांचं सगळ्यात चिवट काम झालं ते मेडिकेडवर, गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेवर. ज्यांनी मतं दिली त्यांतल्या अनेकांना तिचा काही उपयोग नव्हता. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष रेगन होते आणि सरकारी खर्च कापण्याची लाट होती. समोरासमोर भांडून योजना वाढली नसती. वॅक्समन यांनी दरवर्षीच्या अर्थसंकल्पी विधेयकात एक-एक छोटं कलम घालायला सुरुवात केली. आधी राज्यांना मुभा द्यायची: वाटल्यास दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर बायकांना आणि तान्ह्या मुलांना योजनेत घ्या. हे १९८६ साली. काही राज्यं तयार झाली, आभाळ कोसळलं नाही. मग १९८८ साली तेच सगळ्या राज्यांना बंधनकारक. त्यांच्या या पद्धतीला तिथे ‘वॅक्समन टू-स्टेप’ असंच नाव पडलं.

१९९० चं कलम तर दाद देण्यासारखं आहे. ३० सप्टेंबर १९८३ नंतर जन्मलेली गरीब घरातली सगळी मुलं १९ वर्षांची होईपर्यंत योजनेत. म्हणजे सुरुवातीला सहा-सात वर्षांची मुलं आत आली, पुढच्या वर्षी आठ वर्षांपर्यंतची, आणि असं करत २००२ पर्यंत देशातली गरीब घरातली झाडून सगळी मुलं त्या छत्राखाली आली. दर वर्षी थोडाच खर्च वाढला, त्यामुळे कुणी फार ओरडलं नाही. बारा वर्षांनी पूर्ण होणारं कलम लिहायला, बारा वर्षांनी आपण कुठे असू याची पर्वा न करणारा माणूस लागतो. आंब्याची कलमं लावणाऱ्या आपल्या माणसांना हे कळायला जड जाऊ नये.

तंबाखूचंही असंच. १४ एप्रिल १९९४ ला त्यांनी सात मोठ्या सिगारेट कंपन्यांच्या प्रमुखांना समितीपुढे शपथेवर उभं केलं. निकोटिनचं व्यसन लागत नाही असं माझं मत आहे, असं सातही जणांनी एकामागून एक सांगितलं. ते चित्रीकरण जगभर गेलं. पण त्याच वर्षी त्यांच्या पक्षाने निवडणूक गमावली, अध्यक्षपद गेलं आणि पुढची बारा वर्षं त्यांचा पक्ष त्या सभागृहात अल्पमतात होता. सिगारेटवर औषध प्रशासनाची सत्ता आणणारा कायदा झाला २००९ साली, सुनावणीनंतर १५ वर्षांनी. एवढं थांबायची तयारी असलेली माणसं राजकारणात फार थोडी असतात. आपल्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी टपरीवर मिळते. बंदीची घोषणा झाली त्या दिवशी बातमी संपली. त्यानंतर वर्षानुवर्षं मागे लागणारं कुणी नव्हतं.

आणि आता तो धागा, जो आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो. १९८४ साली वॅक्समन यांनी युटा राज्याचे सिनेटर ऑरिन हॅच यांच्याबरोबर औषधांच्या किमतींचा कायदा केला. हॅच विरुद्ध पक्षाचे, विचाराने दुसऱ्या टोकाचे. त्याआधी अशी स्थिती होती की पेटंट संपलेलं औषध दुसऱ्या कंपनीला बनवायचं असेल, तर सिद्ध झालेल्या औषधाच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागत. सुमारे दीडशे औषधांची पेटंटं संपूनही त्यांना स्वस्त पर्याय नव्हता. नव्या कायद्याने सांगितलं: औषध तेच आहे आणि शरीरात तेवढंच पोचतं एवढं दाखवा, परवानगी घ्या. बदल्यात मूळ कंपन्यांना पेटंटची काही वाया गेलेली वर्षं भरून मिळाली. १९८४ मध्ये अमेरिकेत लिहून दिलेल्या औषधांपैकी पाचातलं एकही जेनेरिक नव्हतं. आज दहातली नऊ आहेत.

त्यातली पुष्कळ भारतातून जातात. त्याला आधी आपल्या संसदेने केलेला १९७० चा पेटंट कायदा कारण झाला. २००५ पर्यंत आपल्याकडे औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. त्यामुळे आपले कारखाने वेगळ्या पद्धतीने तीच औषधं बनवायला शिकले. दिल्लीत १९७० साली दार उघडलं, वॉशिंग्टनमध्ये १९८४ साली समोरचं दार उघडलं, आणि मधल्या वाटेवर पाताळगंगा, महाड आणि लोटे-परशुराम इथपर्यंत कारखाने उभे राहिले. २००१ साली सिप्लाने एड्सची औषधं माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या लाखो माणसांचे प्राण त्या स्वस्त औषधांनी वाचले. खेड-चिपळूणच्या तरुणांना याच धंद्याने नोकऱ्या दिल्या. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ओपीडीच्या दिवशी आजी रक्तदाबाच्या गोळ्यांची जी पट्टी पदराच्या गाठीत बांधून घरी नेते, ती तिला फुकट मिळू शकते याचं कारणही हेच: तिच्यावरचं पेटंट संपलेलं आहे आणि बनवणारे पुष्कळ आहेत.

त्याच लोट्यातलं सांडपाणी दाभोळच्या खाडीत उतरून मासे मरतात, आणि खाडीवर जगणारा भोई समाज तक्रारी करकरून थकला, हेही त्याच श्वासात सांगितलं पाहिजे. वॅक्समन यांची उपसमिती ‘आरोग्य आणि पर्यावरण’ अशी एकत्र होती, यात शहाणपण होतं. १९९० चा हवा प्रदूषणाचा कडक कायदा त्यांनी स्वतःच्याच पक्षातल्या, मोटार उद्योगाची बाजू घेणाऱ्या बलाढ्य सहकाऱ्याशी दहा वर्षं झुंजून पदरात पाडला. गोळी आणि तिच्या कारखान्याचं पाणी हे दोन खात्यांचे दोन विषय आहेत असं मानणारा माणूस दाभोळची खाडी वाचवू शकणार नाही.

गौरव करायचा तर उणं बाजूला ठेवून करू नये. दुर्मीळ आजारांच्या कायद्याचा पुढे कंपन्यांनी पुरेपूर फायदा उठवला, त्या औषधांच्या किमती ऐकून माणूस हबकतो. वॅक्समन यांनी त्यात दुरुस्ती आणली, ती १९९० साली संसदेत मंजूरही झाली, पण राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती अडवली. जेनेरिक कंपनीला पैसे देऊन तिचं औषध लांबवण्याचे सौदे त्यांच्याच कायद्याच्या फटीतून झाले. हवामान बदलावरचं त्यांचं मोठं विधेयक २००९ साली प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये विरून गेलं. पण या माणसाच्या चुकाही ओळीने, कलमवार सांगता येतात. आपल्या किती प्रतिनिधींच्या बाबतीत तेवढं तरी सांगता येईल?

इथे एक आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. अमेरिकेतल्या समितीच्या अध्यक्षाच्या हातात ताकद असते, अभ्यासू कर्मचारी असतात, आणि पक्षादेश मोडला म्हणून पद जात नाही. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे, व्हिप निघाला की हात वर करायचा. खासगी सदस्याचं विधेयक संसदेत शेवटचं मंजूर झालं ते १९७० साली, आणि स्वातंत्र्यापासून अशी एकूण १४ झाली. आमदाराकडे स्वीय सहायक असतो, तोही लग्न-बारशांच्या याद्या सांभाळण्यात बुडालेला. मग वॅक्समनचं उदाहरण आमच्या काय कामाचं?

या आक्षेपाला उत्तर द्यायला मला कोकणाबाहेर जावं लागत नाही. जुन्या राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून नाथ पै यांना निवडून दिलं. ते विरोधी बाकांवर होते. संसदेला मूलभूत हक्कांच्या कलमात बदल करता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला, तेव्हा संसदेचा अधिकार परत प्रस्थापित करणारं खासगी विधेयक त्यांनी मांडलं. ते मंजूर झालं नाही. पण ते संयुक्त समितीकडे गेलं, देशभर चर्चा झाली, आणि नाथ पै १९७१ च्या जानेवारीत गेल्यावर त्याच वर्षी सरकारने स्वतः २४ वी घटनादुरुस्ती आणली. त्या विधेयकाची बाजू बरोबर होती की नाही यावर आजही वाद घालता येईल. एका प्रजासमाजवादी खासदाराने, संख्याबळ नसताना, अभ्यासाच्या जोरावर देशाचा अजेंडा ठरवला, यावर मात्र वाद नाही. त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघाने मधु दंडवते यांना वीस वर्षं पाठवलं. पेशाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या बसवायला घेतल्या. देशातला प्रत्येक गरीब प्रवासी आज त्या निर्णयावर पाठ टेकतो.

ज्या मतदारांनी चौतीस वर्षं अशी माणसं निवडून दिली, त्यांचीच नातवंडं आज मतदार आहेत. अभ्यासू प्रतिनिधी पाठवणं ही इथली जुनी रीत आहे. पाठवायचा विषय तेवढा आता आरोग्य असायला हवा.

कारण आरोग्याच्या बाबतीत आपण अजून परावलंबी आहोत. सिंधुदुर्गात गंभीर रोगी आला की वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकू यायचं, "बांबोळीक व्हरा." गोव्याचं वैद्यकीय महाविद्यालय म्हणजेच आमचं मोठं रुग्णालय. २०१८ साली गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या माणसांच्या पायाखालची जमीन सरकली. गोव्यावर राग धरून उपयोग नव्हता, त्यांनी त्यांच्या लोकांच्या पैशाचं बघितलं. दोन राज्यांमधला एक साधा करार, रुग्णामागे एवढी रक्कम महाराष्ट्र गोव्याला देईल असा, आधीपासून लिहून ठेवलेला असता तर ती वेळ आली नसती. असा करार लिहिण्यासाठी रुग्णांच्या नोंदी लागतात, आणि तो घडवून आणेपर्यंत दोन्हीकडच्या सरकारांच्या मागे लागणारा माणूस लागतो. आता सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. तिथे शिकवणाऱ्यांची पदं भरली जातात का, रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ असतो का, हे दर अधिवेशनात विचारत राहणारा आमदार लागेल. इमारतीच्या उद्घाटनाला सगळेच येतात.

माकडतापाचं उदाहरण तर सरळ वॅक्समन यांच्या पहिल्या कायद्याशी जाऊन भिडतं. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार २०१६ पासून आपल्या दोडामार्ग-बांदा भागात ठाण मांडून आहे. गोचीड चावते, ताप चढतो, आणि हंगाम नेमका काजूचा, जानेवारी ते मे. बागेत बी वेचायला जाणाऱ्या बायका, पालापाचोळा गोळा करणारे, गुरं चारणारे, यांना तो गाठतो. मेलेलं माकड दिसलं की वाडीच्या काळजात धस्स होतं. नेमकं औषध नाही. जुनी लस होती, ती फारशी उपयोगी नाही असं दिसल्यावर २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. रोगी थोडे, तेही गरीब, जंगलाच्या कडेचे. कुठल्या कंपनीला यात धंदा दिसणार? लॉस एंजेलिसच्या त्या आईपुढे होता तोच प्रश्न आज बांद्याच्या बागेत काम करणाऱ्या बाईपुढे आहे. २०२१ चं आपलं राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण मुख्यतः आनुवंशिक आजारांचा विचार करतं, तिच्यासाठी त्यात फारसं काही नाही. नव्या लशीवर काम चालू आहे. ते कुठवर आलं, पैसे किती दिले, चाचण्या कुठे होणार, आणि लस आल्यावर पहिली खेप कोणत्या तालुक्याला मिळणार, हे दर तीन महिन्यांनी विचारणारा खासदार तिला हवा आहे.

यासाठी त्याने डॉक्टर असायची गरज नाही. वॅक्समन नव्हते. ज्ञान इथेच आहे, ते विचारायला जावं लागतं. विंचू चावलेली माणसं महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डोळ्यांदेखत जायची, तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रात्र-रात्र रोग्यापाशी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने मृत्यू रोखता येतात हे दाखवलं. ‘लॅन्सेट’ने ते १९८६ साली छापलं. एका आरोग्य केंद्रातून जगाला उपचार मिळाला. अशा डॉक्टरांना, आशाताईंना, औषधनिर्मात्यांना समोर बसवून त्यांचं म्हणणं सरकारी दप्तरात नोंदवून घेणारी समिती हवी. केरळच्या विधानसभेत १९८० पासून खात्यांवर लक्ष ठेवणाऱ्या विषय समित्या आहेत, विधेयकं आणि खात्यांच्या मागण्या त्यांच्यापुढे जातात. आपल्या विधिमंडळात आरोग्यासाठी अशी कायमची समिती व्हावी आणि तिचे सदस्य दर वर्षी बदलू नयेत, ही मागणी कोकणातल्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून करावी. हॅच आणि वॅक्समन एका कागदावर सही करू शकले, तर सावंतवाडी आणि चिपळूणच्या आमदारांना काय हरकत आहे?

आणि मतदारांचं काम. पुढच्या निवडणुकीत वाडीत प्रचाराची गाडी येईल तेव्हा उमेदवाराला विचारायचं: गेल्या पाच वर्षांत आरोग्यावर किती प्रश्न लावलेत, ते दाखवा. धर्मादाय रुग्णालयांसाठी दिलेल्या पत्रांची यादी घेऊन सभागृहात बोलाल का? आरोग्याच्या समितीवर जागा मागून घ्याल का, आणि मंत्रिपद मिळालं नाही तरी तिथेच थांबाल का? काजूचा हंगाम सुरू होण्याआधी, हिवाळी अधिवेशनात, माकडतापाच्या लशीवर लक्षवेधी लागलीच पाहिजे, आणि ती लावणाऱ्या आमदाराचा सत्कार दोडामार्गात त्याच आठवड्यात व्हावा, निवृत्तीची वाट न बघता.